सेमरडीह हरवल्याची तक्रार

पोलीस चौकीत गाव हरवल्याची तक्रार घेऊन गेलेला सिनेमाचा निर्माता बहुधा मी एकटाच असेन. डोक्यावर सोला हॅट, काखेत वही, अंगावर लाल मुरमाची धूळ. हवालदारानं मला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि दौतीत टाक बुडवला.

"क्या खोया है?"

"गाँव."

त्यानं 'गाँव' लिहिलं आणि थांबला. "गाँव का नाम बाद में लिखेंगे. पहले बोलो, खोया क्या है?"

"गाँवच खोया है." घाबरलो की माझ्या हिंदीत मराठी शिरते.

"कितने घर का था?"

"चालीस."

"आखरी बार कब देखा?"

"पौष में."

"ताला लगा के गए थे?" हे विचारताना त्याच्या मिशीचं एक टोक हललं, पण मी इतका हादरलेला होतो की मला ती थट्टा वाटलीच नाही. मी खरंच आठवायला लागलो. मग त्यानं शेवटचा प्रश्न विचारला, "किसी पर शक?"

"किसी पर नहीं," मी म्हणालो.

हे उत्तर मी फार भाबडेपणानं दिलं होतं. त्याची शरम अजून गेलेली नाही, म्हणून तर हे लिहायला बसलो. दिवाळी अंकासाठी संपादकांनी 'चित्रपट व्यवसायातले गमतीदार अनुभव' मागितले. माझा व्यवसाय एका चित्रपटाचा. गमती मात्र त्यांना पुरून उरतील इतक्या आहेत. शेवटची गंमत आहे की नाही, ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

आधी निर्माता म्हणजे काय ते सांगतो, कारण निर्माता होईपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. दिग्दर्शकाला गोष्ट कळते, कॅमेरामनला उजेड कळतो, नटाला आरसा कळतो. यातलं काहीच ज्याला कळत नाही, पण चहा सगळ्यांना पोचला की नाही हे कळतं, तो निर्माता. शिवाय कच्ची फिल्म निर्मात्याच्या जिवाशी बांधलेली असते. तेव्हा ती बाहेरून यायची, परमिटावर मिळायची, आणि कॅमेरा घुर्रर्र करू लागला की निर्मात्याच्या पोटातून कोणी आतडं ओढतंय असं वाटायचं. नट ओळ विसरला, ओढा शंभर फूट आतडं. कुत्रं मध्ये आलं, ओढा आणखी पन्नास.

पोटापाण्याला मी टायपिस्ट होतो. भिलाईत कारखाना उभा राहत होता. सगळीकडे खड्डे, क्रेन, पत्र्याच्या शेड, देशाच्या बाराही कोपऱ्यांतून आलेली माणसं, आणि गोरेपान रशियन इंजिनियर, जे मे महिन्यात उकडलेल्या रताळ्यासारखे दिसायचे. मी भंडाऱ्याकडून आलो आणि जमिनीच्या ऑफिसात चिकटलो. काम एकच. साहेबाचा मसुदा समोर ठेवायचा आणि बोटं चालवायची. चांगला टायपिस्ट मसुदा वाचत नाही, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. तो अक्षरं बघतो. शब्दाचा अर्थ डोक्यात शिरला की बोट अडखळतं. माझं कधी अडखळलं नाही. कागदाच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं घालायची पद्धत असते. उद्या चूक निघाली तर मान कोणाची धरायची हे कळावं म्हणून. गजानन विठ्ठल लांजेवार, म्हणून माझी 'जीव्हीएल'. त्या तीन अक्षरांच्या वर कधीही चूक सापडली नाही, हे मी मोठ्या ऐटीत सांगत असे.

अशा माणसाला सिनेमा चावला तो सबनीसमुळे. सबनीस माझा नागपूरचा वर्गमित्र. मुंबईला जाऊन पाचवा की सहावा सहायक दिग्दर्शक झाला होता, म्हणजे नटीची छत्री धरत होता. तो भिलाईला आला, कारखान्याच्या चिमण्या बघितल्या आणि म्हणाला, "गज्या, खेड्यातला पोरगा कारखान्यात जातो, भट्टीच्या प्रेमात पडतो, बायकोला विसरतो. नाव 'लोखंडी नवरदेव'. मराठीत आजवर झालं नाही असं काही!" आजवर का झालं नाही, हे मी विचारलं नाही. पैसा कसा उभा केला ते सौभाग्यवतीसमोर अजूनही बोलता येत नाही, म्हणून इथंही नको.

सरकारी नोकराला धंदा करता येत नसे, तेव्हा निर्माती म्हणून बायकोचं नाव घालायचं ठरलं. विमल तेव्हा चुलीपुढे होती.

"माह्यं नाव? पिक्चरमंदी?" तिनं फुंकणी खाली ठेवली. "बाप्पा! माह्या माहेरी समजलं तर का म्हणतीन? अन् तुमी का करसान मंग?"

"मी मागून बघीन सगळं."

"मागून तं तुमी दूध बी पाहाता. रोज उतू जाते."

तरीही नाव तिचंच लागलं. माझ्या वाट्याला आली सोला हॅट. निर्मात्याला हॅट असते असं मी एका फोटोत पाहिलं होतं. दुर्गच्या बाजारातून आणली, दोन बोटं मोठी निघाली. आत वर्तमानपत्राची घडी घालून बसवावी लागे. मेश्राम म्हणायचा, "बाबू, टोपी चालून राहिली अन् तुमी तिच्या मांगं मांगं जाऊन राहिले."

हा वासुदेव मेश्राम कारखान्यात वायरमन. पाळी संपली की आमचे दिवे आणि जनरेटर सांभाळायचा. नागपूरचाच, बुद्धविहारातल्या पोरांना शिकवणारा, सरळ आणि तोंडाचा फटकळ. आमच्या युनिटमध्ये आपलं काम येणारा तो एकटा होता.

आता गाव हवं होतं. गोष्ट विदर्भातली, पण माझी रजा फक्त रविवारची. सायकलनं तीनेक मैलांवर सेमरडीह नावाचं छत्तीसगढी खेडं होतं. चाळीस खपरेली, म्हणजे कौलारू घरं, भिंतींना पांढऱ्या छुई मातीचे पट्टे, एक तळं, वेशीवर सावरीचं मोठं झाड. सबनीसनं दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून पाहिलं आणि म्हणाला, "झालं! भंडारा!"

गावचा मुखिया म्हणजे गौंटिया. त्याचं नाव बिसाहू. बारीक, उंच, बोलायच्या आधी नेहमी जमिनीकडे बघणारा. मी भीत भीत परवानगी मागितली. वाटलं होतं, हा हजार शंका काढील. त्यानं मला विचारलं, मी कारखान्याचाच बाबू ना? मी छाती काढून हो म्हटलं. त्यानं जमिनीकडे बघितलं. मग म्हणाला, घरं घ्या, बैल घ्या, माणसं घ्या. एकच अट. सिनेमा झाला की सगळ्या गावाला दाखवायचा.

"अन् जल्दी बनाबे, बाबू," तो म्हणाला. लवकर कर.

"सिनेमा जल्दी नहीं बनता, गौंटिया."

"तभो ले, जल्दी बनाबे."

तरीही लवकर कर, म्हणे. मी मनात हसलो. म्हटलं, प्रसिद्धीची केवढी हौस ही!

पौषात शूटिंग सुरू झालं. कारखाना इतका जवळ होता की पाळीचा भोंगा वाजला की आमच्या जमावातले निम्मे गावकरी चालू शॉटमधून उठून मजुरीला निघून जायचे. लग्नाच्या पंगतीत भोंगा झाला आणि नवरीचा बापच गेला. मी लगेच अर्ज टाइप केला, 'चित्रीकरणास्तव भोंगा पाच मिनिटे उशिरा वाजविण्यात यावा.' वरच्या साहेबानं तो अर्ज भिंतीला लावून ठेवला होता म्हणे. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला.

पण खरा त्रास गावाचाच. प्रत्येकाला आपलं घर कॅमेऱ्यात हवं. नुसतं घर नाही, गोठा, तुळशीचा चौरा, दाराशी बांधलेली गाय, ठाकूरदेवाचा दगड, तळ्याच्या पायऱ्या. म्हातारे हाताला धरून न्यायचे, "बाबू, एला घलो," म्हणजे हेही घे. सबनीस ओरडू लागला, "लांजेवार, एवढी फिल्म आणायची कुठून?" तेव्हा मी माझ्या निर्मातेपणातली सर्वांत हुशार युक्ती काढली. ही युक्ती धंद्यात जुनी आहे. गर्दी ऐकेना की कॅमेरा रिकामा फिरवायचा. आत फिल्म नाही, पण घुर्रर्र होतं. लोक खूष, आतडी शाबूत.

एक अख्खी सकाळ आम्ही सेमरडीहची चाळीसच्या चाळीस घरं रिकाम्या कॅमेऱ्यानं 'घेतली'. लोक नवे कपडे घालून दारात उभे राहिले. कोणी हसलं नाही, कोणी हललं नाही. मी हॅट सावरत, "बहुत बढिया! अगला!" असं ओरडत पुढे. मेश्राम माझ्याजवळ आला.

"बाबू, खरीखुरी टाका ना थोडी. दोनशे फूट."

"वेडा आहेस का? दोनशे फुटांत एक गाणं होतं."

"माणसं कशी उभी होऊन राहिली पाहा. हे काही बरं नाई वाटत मले."

"तुला दिव्यांचं कळतं. हे निर्मात्याचं काम."

"हाव," तो म्हणाला, "तेच तं पाहून राहिलो."

आणखी एक प्रसंग सांगायलाच हवा. नायक घर सोडून कारखान्यात निघतो आणि त्याची आई दारात रडते, असं दृश्य होतं. आई म्हणून आम्ही गावातलीच बुधिया दाई घेतली; तिकडे आईला दाईच म्हणतात. सत्तरीची, पाठीतून वाकलेली, चेहऱ्यावर अशा सुरकुत्या की कॅमेरामन हात जोडायचा. सकाळी तिनं स्वतःचं दार छुईनं ताजं रंगवलं होतं. पण बाई रडेना.

"बेटा नौकरी बर जावत हे," ती म्हणाली, "त मैं काबर रोहूँ?" मुलाला नोकरी लागलीय, मी का रडू?

तीन वेळा कॅमेरा चालला, तिन्ही वेळा ती आनंदानं हात हलवत उभी. चौथ्यांदा माझं आतडं इतकं ओढलं गेलं की मी ओरडतच चौकटीत धावलो. लेन्सच्या बरोबर समोर उभा राहिलो आणि तिला रडून दाखवायला लागलो. खांदे गदगदा हलवून, पदर नसताना पदर डोळ्यांना लावून. गाव हसून लोळत होतं. बऱ्याच वेळानं सबनीसचा आवाज आला, "लांजेवार, कॅमेरा चालू आहे!" कॅमेरामन बधिर होऊन फिल्म फिरवत राहिला होता. पाऊण मिनिटभर पडद्यावर काय, तर माझी पाठ आणि माझी हॅट.

मुंबईच्या प्रयोगशाळेतून धुतलेल्या तुकड्यांचे डबे पार्सलनं आले, तेव्हा तो तुकडा मी सबनीसच्या नकळत कापून घेतला आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून कपाटावर ठेवला. पडद्यावर आपण एकदाच आलो, पाठमोरे का होईना! माणूस स्वतःच्या पाठीवरही भाळतो, हे मी अनुभवानं सांगतो.

मग नायक मुंबईला गेला, फिल्मचं परमिट अडलं, आणि उरलेलं काम चैत्रावर गेलं. नायक घरातून बाहेर पडलेला घेऊन झालं होतं, परत आत शिरलेला घ्यायचा होता. सिनेमात हे असंच असतं. पडद्यावर माणूस एका पावलात उंबरठा ओलांडतो, त्या एका पावलात खरे तीन महिने गेलेले असतात. म्हणून दार तेच लागतं, भिंत तीच, भिंतीवरचा डागही तोच. चैत्रातल्या पहिल्या रविवारी मी तयारी बघायला एकटाच सायकलनं गेलो.

सेमरडीह नव्हतं.

मला वाटलं, वाट चुकली. मागे वळलो, पुन्हा आलो. सावरीचं झाड नव्हतं, तळं बुजवलेलं, आणि जिथं चाळीस घरं होती तिथं तांबड्या मुरमाचं सपाट मैदान. इतकं सपाट, की त्यावर मधोमध उभ्या असलेल्या माझ्या सायकलची सावली मला लांबलचक दिसत होती. एका काठीला लाल चिंधी बांधलेली. दूर एक यंत्र माती ढकलत होतं. मी हाका मारल्या, हे लिहायलाही लाज वाटते. "गौंटिया! ओ गौंटिया!" असा त्या मैदानात उभा राहून ओरडलो. मग मी सरळ चौकीत गेलो. पुढचं वर सांगितलंच आहे. हवालदारानं मला बाहेर नेलं, दांडक्यानं चिमण्यांकडे दाखवलं आणि मऊ आवाजात म्हणाला, "बाबूजी, उधर पूछो. आजकल सब उधर ही जाता है."

आणि मी 'उधर'च रोज नोकरीला जात होतो! विचारलं मात्र नाही. रुसलो. गौंटियावर रुसलो, की गाव जाणार होतं तर या माणसानं मला एका शब्दानं सांगू नये? माझं एवढं शूटिंग बुडालं! त्या दिवशी मला दुःख झालं ते फक्त दाराचं, कारण ते दार पुन्हा कुठं मिळणार?

मिळालं नाहीच. दुर्गच्या पलीकडे बोरसीला, तेव्हा ते खेडंच होतं, सबनीसनं तट्ट्यांचं आणि कापडाचं नवं गाव उभारलं. पण नव्या दाराशी जुनं दार जुळेना. जुळेना म्हणून जुनी दृश्यं सगळी पुन्हा घेतली, आईच्या कामाला नागपूरची एक नटी आणली. ती मात्र सांगितल्याबरोबर रडली. सेमरडीहचे सगळे तुकडे निकामी झाले. निकामी फिल्म विकत घेणारे लोक असत. ती उकळून चांदी काढायची आणि उरलेल्याच्या बांगड्या करायच्या. सबनीसनं कागद पाठवला, मी सही केली. वाचून? छे.

'लोखंडी नवरदेव' पुरा झाला. नागपुरात तो किती दिवस चालला हे विचारू नका, दिवस हा शब्दच तिथं फार मोठा पडतो. भिलाईत आमच्या कॅम्पातल्या पत्र्याच्या टॉकीजमध्ये रविवारी दुपारचा एक खेळ मिळाला. मेश्राम प्रोजेक्टरवर. मी हॅट घालून दारात उभा.

तेवढ्यात ते आले. वीस-बावीस माणसं, दोन बैलगाड्यांतून. पुढे बिसाहू गौंटिया, मागे बुधिया दाई एका बाईच्या खांद्याचा आधार घेऊन. कोणी मजूर होऊन याच कॅम्पात राहत होतं, कोणी नातलगांकडे पांगलं होतं. दाई लेकीकडे, रसमड्याच्या बाजूला. गौंटियानं सगळ्यांना निरोप धाडून गोळा केलं होतं. मला बघून तो हसला.

"बन गे, बाबू?"

"बन गया," मी म्हटलं आणि त्यांना अगदी पुढच्या रांगेत बसवलं. मानाच्या जागा! सिनेमा सुरू झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय केलंय.

मराठी त्यांना कळत नव्हती. ते त्यासाठी आलेच नव्हते. प्रत्येक दृश्य बदललं की सगळी रांग जरा पुढे सरकायची. बोरसीचं कापडी गाव आलं, तेव्हा एकानं विचारलं, "ए कोन गाँव हरे?" अर्ध्या सिनेमानंतर दाईचा आवाज आला, लहान मुलीसारखा स्पष्ट, "हमर गाँव कब आही?"

"आही, आही," गौंटिया म्हणाला. "चुप देख."

आमचं गाव कधी येणार? येईल, बघत राहा. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. भट्टी पेटली, नायक पस्तावला, नटी रडली, दिवे लागले. लोक बाहेर पडले. मी उंदरानं मोरीतून सटकावं तसा सटकणार, तोच मेश्राम खाली आला.

"बाबू, थे बुढी अजून बसून आहे. म्हणते, आमचं गाव राहिलं आहे, थे दाखवा. का सांगू मी तिले?"

मी गौंटियाला बाहेरच्या चहाच्या टपरीवर नेलं. सांगितलं की त्यांचे तुकडे खराब झाले. रिकाम्या कॅमेऱ्याचं सांगायची छाती झाली नाही. त्यानं चहाला हात लावला नाही.

"मेरी भी गलती नहीं है," मी वर तोंड करून म्हणालो. "गाँव जानेवाला था तो तुमने बताया क्यों नहीं?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वेड्यासारखं बोललो. "तैं जानत नइ रहे?"

"नहीं!"

त्याला खरं वाटेना. त्यानं कमरेच्या कडोस्त्रीतून कापडात गुंडाळलेला एक कागद काढला आणि माझ्यापुढे उलगडला. सांगू लागला, अगदी सावकाश. "पहिली ए कागद आइस. ओकर बाद तैं आए, कैमरा धरके. हमन सोचेन, साहब मन तोला भेजे हें. गाँव टूटही, त फोटू म रही."

आधी हा कागद आला. मग तू आलास, कॅमेरा घेऊन. आम्हाला वाटलं, साहेबांनीच तुला पाठवलंय. गाव मोडेल, पण फोटोत राहील.

म्हणून 'जल्दी बनाबे'. म्हणून गोठा, तुळस, पायऱ्या. म्हणून नवे कपडे घालून कोणी हललं नव्हतं.

मी कागद हातात घेतला. नोटीस होती. जमीन मोकळी करण्याची. ठशीव, सुबक, समास दोन्हीकडे सारखा. एकही चूक नाही. सेमरडीह हे नाव तिसऱ्या ओळीत अगदी स्वच्छ उमटलेलं. माझी नजर आपोआप खाली गेली, डाव्या कोपऱ्यात, जशी ऑफिसात रोज जायची.

जीव्हीएल.

टपरीवाल्यानं काही विचारलं, ते ऐकू आलं नाही. तो कागद मी माझ्या बोटांनी काढला होता, माझ्या यंत्रावर, बहुधा शिट्टी वाजवत. 'सेमरडीह' ही अक्षरं ओळीनं दाबली होती आणि पुढच्याच महिन्यात सायकलवर बसून त्याच गावी भंडारा शोधायला गेलो होतो. गौंटियाला इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती. त्यानं कागदाची पुन्हा नीट घडी घातली. मी त्याला काही सांगितलं नाही. पुढेही कधी नाही. आता तो नाही, म्हणून इथं छापतो आहे. हे काही शौर्य नव्हे.

घरी आलो तेव्हा विमलनं तोंड बघून विचारलं, "का झालं जी? पिक्चर जळलं का?"

मी सगळं सांगितलं. रिकाम्या कॅमेऱ्याचंही. ती तांदूळ निवडत होती.

"अन् माह्यं नाव आहे त्याच्यावर," ती म्हणाली. "चाळीस घरायले फसवलं थे माह्या नावानं." मग उठली, स्टूल घेतलं, कपाटावरून बिस्किटांचा डबा काढून माझ्या मांडीवर आदळला. "हे आहे ना? तुमची पाठ? तिच्या मांगं काही दिसत असन तं दाखवा त्यायले."

पुढच्या रविवारी दुपारच्या खेळाआधी मेश्रामनं टॉकीज उघडलं. खिडक्यांना पोती लावली. तेच लोक आले, पुन्हा गाड्यांतून. दाई माझ्या शेजारी बसली, बाकावर पाय वर घेऊन. आवाज नाही, नाव नाही, काही नाही. एकदम पडदा उजळला.

मधोमध माझी पाठ. वर ती हॅट, दोन बोटं मोठी. अर्धा पडदा मीच. पण डावीकडे छुईचा पट्टा होता, ओला, चमकणारा. उजवीकडे तुळशीच्या चौऱ्याचा कोपरा, त्यामागे तीन घरांची खपरेल, सावरीची एक फांदी, कोणाची तरी गाय शेपटी हलवते आहे. पाऊण मिनिट. संपलं.

एकदम गलका. "मोर गाय! ओ मोर गाय रहिस!" "फेर लगा, फेर!"

माझी गाय होती ती, परत लाव! मेश्रामनं पुन्हा लावलं. आता त्यांना काय बघायचं ते कळलं होतं, आणि काय आड येतंय तेही. एक म्हातारा उभा राहून पडद्याला ओरडला, "हट ना गा!" बाजूला हो ना! मग दुसरा, मग सगळे. बायका हातवारे करून त्या पाठीला सरकवत होत्या. गौंटिया मान वाकडी करून हॅटच्या पलीकडे डोकावत होता, जणू तिरकं बसलं की दिसेल. दाई, तिचं दार आणि त्याचं घर, सगळं बरोबर माझ्या पाठीआड होतं. सात वेळा लावलं. सातही वेळा तो माणूस हटला नाही. उभा राहून खांदे गदगदा हलवत राहिला.

माझी हॅट मी बाकाखाली सरकवली होती. दाईनं मला कोपरानं ढोसलं, नजर पडद्यावरच.

"ए बाबू कोन हरे? काबर रोवत हे?"

हा कोण, आणि का रडतोय? मी म्हटलं, "मालूम नहीं, दाई."

तिनं चिडून त्या पाठीकडे हात झटकला.

"रोना हे त बाजू म जाके रो, गा!"